दोराला माया

माझ्या नवऱ्याने नऊ वर्षं खपून एक शिडाची होडी बांधली आणि त्या नऊ वर्षांत मी तिला एकदाही हात लावला नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, लाकूड संपेल. दुसऱ्या वर्षी वाटलं, हौस संपेल. पुढे मी वाट बघणं सोडलं आणि तिला सवत म्हणायला लागले. कानामागून आली आणि तिखट झाली, ती हीच. संध्याकाळी दुकान आवरून मी ताटं वाढायची आणि हा माणूस मागच्या शेडमध्ये तिच्या कडेवरून हात फिरवत बसलेला असायचा. जेवण गार, मी गरम.

नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात, सुतारकाम करतात म्हणून. मलाही तेच नाव सोयीचं पडतं. मी कपडे शिवते. पुढच्या खोलीत माझं मशीन, मागे शेडमध्ये त्यांचा रंधा आणि मध्ये स्वयंपाकघर, जिथे आम्ही भांडतो. संसाराला एकतीस वर्षं झाली, त्यामुळे भांडणात फार वेळ जात नाही. अर्धं वाक्य मी बोलते, उरलेलं त्यांना पाठ असतं. आमच्या घरात अबोला असा कधी नसतो. फक्त मुद्द्याचं सोडून बाकी सगळं बोललं जातं. होडी कशासाठी बांधताय, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

यंदा ती एकदाची पाण्यात उतरली. तीन फेऱ्या झाल्या आणि मिस्त्रींचा हर्निया निघाला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. घरी आल्यावर मी टाके पाहिले. बरे होते. जरा लांब लांब घातले होते, पण डॉक्टर घाईत असतील. त्याला बारा दिवस होतायत तोवर रेडिओवर वादळ आलं.

उद्या दुपारी तीनच्या सुमाराला, ऐन भरतीच्या वेळी ते किनाऱ्याला लागणार होतं. पाणी नेहमीपेक्षा पाच-सहा फूट वर चढेल म्हणाले. होड्या क्रेनने जमिनीवर काढून घ्यायला सकाळीच रांग लागली होती आणि त्या रांगेत मासेमारीच्या होड्या आधी. ते बरोबरच होतं. ज्यांच्यावर घरं चालतात त्या आधी निघायला हव्यात. हौसेच्या होड्यांनी धक्क्याला बांधून घेऊन राहायचं.

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. "मी उद्या होडीवरच थांबतो," ते म्हणाले. "पाणी चढेल तसे दोर सोडावे लागतील. कुणीतरी हवं."

"कुणीतरी म्हणजे पोट फाडलेला माणूस?"

"शिवलंय ना."

"कसं शिवलंय ते मी पाहिलंय."

मी हे हसत म्हणाले, पण मला भीती वाटली, सरळ सांगते. भर वादळात दोराचा एक हिसका बसला की टाके गेले. आणि पाणी उतरेपर्यंत त्यांच्यापर्यंत कुणी पोचू शकणार नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचं ठरलेलं होतं. हा माणूस लाकडासारखा आहे, तंतूंच्या रेषेला आडवं गेलात की नुसत्या चिरफळ्या उडतात. म्हणून मी रेषेच्या बाजूने गेले.

"होडी मी बांधते," मी म्हणाले. "आजच. तुम्ही बसून सांगा. तुमच्या मनासारखी बांधली गेली तर उद्या तुम्ही घरात. नाही बांधली गेली तर जा तिच्याकडे, मी अडवणार नाही."

"तू तिला हात लावणार?"

"सवतीला बांधायचं म्हटल्यावर कोणती बाई नाही म्हणेल?"

धक्क्यावर रखवालदार भेटला. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो कानात बोलला तरी ते पलीकडच्या काठावर ऐकू जातं. चाळीस होड्या त्याच्या एकट्याच्या गळ्यात होत्या. तरी त्याने मिस्त्रींना बसायला एक रिकामं खोकं आणून दिलं. "वहिनी, अर्धा तास कधीही मागा," तो म्हणाला. "त्याहून जास्त नाही."

आमच्या होडीच्या एका बाजूला दगडी धक्का आणि दुसऱ्या बाजूला, जरा लांब, पाण्यात रोवलेले दोन जाड खांब. मध्ये ती उभी. आधी शिडं उतरवून धक्क्यावर आणली, वारा भरायला काही राहू नये म्हणून. ती शिडं मी शिवून द्यायला नकार दिला होता, तेव्हा मिस्त्रींनी दुसरीकडून शिवून आणली होती. त्या शिलाया पाहून माझं डोकं फिरलं. एका टाक्याने दुसऱ्याला विचारलेलं नव्हतं. पण आज तो विषय नव्हता.

मग मी दोर बांधायला घेतले. पुढे दोन, मागे दोन. पाय रोवून प्रत्येक दोर ओढला, ओढून ताणला, ताणून दुहेरी गाठ मारली. मध्ये जुने टायर अडकवून होडी धक्क्याला अशी चिकटवली की बोट शिरू नये. मिस्त्री खोक्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते, मी तिकडे लक्षच दिलं नाही. तासाभराने मी हात झटकले आणि म्हणाले, "बघा. हलवून दाखवा."

"सैल कर," मिस्त्री म्हणाले.

आता हा शब्द मला कुणी सहसा म्हणत नाही. माझ्या हातची शिवण सैल निघाली म्हणून आजवर एक कपडा परत आलेला नाही. "सैल काम मी करत नाही," मी म्हणाले.

"अगं, पाणी वर येणार. पाण्याबरोबर होडी वर जाणार. तुझे दोर तिला वर जाऊ देणार नाहीत."

"मग चांगलंच की. जागची हलणार नाही."

"हलणार नाही, बुडेल. नाही तर दोराच्या खुंट्या उपटून घेऊन जाईल."

"आणि सैल सोडली तर धक्क्यावर आपटून फुटणार नाही?"

तेही खरंच होतं. त्यांनी खिशातून खडू काढला आणि दगडावर चित्र काढलं. खाली पाणी, वर पाणी, मध्ये होडी, चार बाण. मला त्यातून एवढंच कळलं की सुताराने चित्रं काढू नयेत. मी तसं म्हणाले. ते चिडले. भोंगा लांबून बघत होता आणि त्याला वाटलं असणार, वादळ एक दिवस आधीच आलं.

मग मिस्त्री काय आठवून कुणास ठाऊक, स्वतःच्या कमरेकडे बघायला लागले. ऑपरेशननंतर पोटाला पट्टा बांधावा लागतो म्हणून त्यांच्या पँटी कमरेत बसत नव्हत्या. त्या मीच मोठ्या करून दिल्या होत्या. त्यांनी कमरेची शिवण चिमटीत धरली.

"ही कशी मोठी केलीस?"

"आत माया होती, ती काढली."

"माया कशाला ठेवली होतीस?"

"अहो, माणूस कायम त्याच मापाचा राहतो का?"

त्यांनी नुसतं पाण्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "तेही राहत नाही. दोराला माया ठेव."

शिवणीच्या आत दुमडून ठेवतात त्या जादा कापडाला आम्ही शिवणारी माणसं माया म्हणतो. ती बाहेरून दिसत नाही, अंगाला टोचत नाही, आणि ज्याची माया कापून टाकली त्या कपड्याला पुढे कुणी वाचवू शकत नाही. हे मी मुलींना शिवण शिकवताना पहिल्या दिवशी सांगते. आणि तासभर मी काय केलं होतं? वाढत्या अंगाला चापूनचोपून, मायेशिवाय झबलं शिवलं होतं. मला माझाच राग आला. मी चारही गाठी सोडल्या. त्या इतक्या घट्ट होत्या की दोन नखं गेली.

त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही. मी पिशवीतून टेप काढली. मागच्या मोठ्या वादळात पाणी कुठवर आलं होतं, त्याची भोंग्याने धक्क्यालगतच्या खांबावर लाल रेघ मारून ठेवलेली होती. आजच्या भरतीच्या खुणेपासून त्या रेघेपर्यंत पाच फूट आठ इंच भरलं. तेवढं वर जायला तिला मिळालं पाहिजे आणि तरी ती धक्क्याला लागता कामा नये. म्हणजे बाहीच्या मुंढ्यासारखं काम. घट्ट झाला तर हात वर होत नाही आणि ढगळ झाला तर खांदा उतरतो.

आखूड दोरात एवढी माया मावत नव्हती. म्हणून सहा लांब दोर घेतले, त्यातले दोन धक्क्यावरच्या लांबच्या खुंट्यांना नेले. भोंग्याकडून अर्धा तास मागून घेतला. त्याने आपल्या छोट्या होडक्यातून दोन दोर पाण्यातल्या खांबांवर नेले आणि होडी धक्क्यापासून सुटून मधोमध आली. आता तिला धरायला दोन्ही बाजू होत्या आणि आपटायला एकही नव्हती. मग मी उरलेले दोन दोर हातात घेऊन विचार करत उभी राहिले. कापड उभ्या-आडव्या धाग्यावर ताण घेत नाही, उरेब, म्हणजे तिरपं कापलं की घेतं. मी पुढच्या टोकाचा दोर मागच्या खुंटीला नेला आणि मागच्या टोकाचा पुढच्या खुंटीला, तिरपे. मिस्त्री खोक्यावरून अर्धे उठले.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"उरेबपट्टीने," मी म्हणाले. "बसा खाली."

ते बसले. नंतर कळलं की ते मला हेच सांगणार होते आणि कसं सांगावं या विचारात होते.

भोंगा जाता जाता म्हणाला की मागच्या खेपेला दोर ओढीने तुटले नव्हते. होडीच्या कडेवर घासून घासून तुटले होते. मी घरी जाऊन मिस्त्रींच्या तीन जुन्या जाड पँटी घेऊन आले. तीन पँटी, सहा पाय, सहा दोर. पाय कापले, जिथे दोर कडेवरून जातो तिथे गुंडाळले आणि मेणाच्या दोऱ्याने दोराला आरपार टाके घालत शिवून टाकले, सरकू नयेत म्हणून. धक्क्यावर मांडी घालून शिवत बसलेली बाई बघायला चार माणसं जमली. एकाने विचारलं, वहिनी, इस्त्री पण करणार का? मी म्हणाले, तू काढून दे, तुझीही करते. तो गेला.

शेजारी एक पांढरी, महागातली होडी होती. तिचा मालक सकाळी येऊन धक्क्याला ती गच्च आवळून गेला होता. भोंग्याने त्याला फोन लावला. फोनमधला आवाज आम्हालाही ऐकू आला, "आहे तशी राहू द्या, मी एकदम घट्ट बांधलीय." सकाळी मी ज्या तोऱ्यात बोलत होते तोच तोरा होता तो. मला हसू आलं नाही.

शेवटी मिस्त्री उठले. एकेका दोराजवळ गेले, ओढून बघायची सोय नव्हती म्हणून नुसते बघत राहिले. मी मागे उभी होते. माझं सगळं या बघण्यावर अवलंबून होतं. ते नाही म्हणाले असते तर उद्या दुपारी मी भिंतीकडे तोंड करून बसले असते आणि ते पाण्यात असते. शेवटच्या दोराजवळ ते सावकाश वाकले आणि पँटच्या पायावरच्या टाक्यांवरून नख फिरवलं.

"ही टीप उसवायची नाही," ते म्हणाले.

"नाही."

"आणि पाणी रेघेच्याही वर आलं तर?"

"तर व्हायचं ते होईल. तुम्ही तिच्यावर असलात तरी तेच होईल, फक्त तुमच्यासकट."

ते पोट धरून हसले, म्हणजे खरोखरच पोट धरून, कारण टाके दुखत होते. मग म्हणाले, "चल घरी." घरी आल्यावर कबुली आली. थांबायचंच म्हणून त्यांनी सकाळी गुपचूप एक पिशवी होडीच्या केबिनमध्ये नेऊन ठेवली होती, पांघरूण आणि दुखण्याच्या गोळ्या घालून. तोवर धक्क्याचं फाटक बंद झालं होतं. मी म्हणाले, आता सोसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकपासून वारा सुटला. दोन वाजता समोरच्या छपराचा एक पत्रा रस्त्यावरून घरंगळत गेला. मी मशीनवर बसले होते, पण शिवत नव्हते, नुसता कपडा सुईखाली धरला होता. मिस्त्री खुर्चीत डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते, त्यांच्या बोटांवरून कळत होतं. तीनला दहा कमी असताना मला पुढचा डावा दोर आठवला. त्या टोकाला मेणाचा दोरा संपत आला होता आणि मी तिथे टाके जरा लांब घातले होते. डॉक्टरांना नावं ठेवणारी मी. मी उठले आणि रेनकोट घालायला लागले.

मिस्त्रींनी डोळे उघडले. "कुठे?"

"एक टाका घालून येते."

"बस."

"अहो, तो दोर..."

ते उठून दाराशी येऊन उभे राहिले. दाराला टेकले होते, कारण ताठ उभं राहवत नव्हतं. "काल मला काय म्हणालीस? आता माझं ऐक. माया ठेवलीयस ना? मग तिला तिचं काम करू दे."

मी रेनकोट घालून तशीच बसले. मला होडीची काळजी नव्हती. होडी फुटली तर लाकूड आहे. पण उद्या ती नसली तर या माणसाचा चेहरा कसा होईल, तो मला बघवणार नव्हता. हे मला त्या क्षणी कळलं आणि मी ते त्यांना सांगूनही टाकलं. ते खुर्ची ओढून माझ्या मशीनशेजारी बसले. पाच वाजेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो होतो.

साडेसहाला वारा पडला आणि ढगांच्या खालून पिवळं ऊन आलं. आम्ही सावकाश चालत गेलो, त्यांना जेवढं जमतं तेवढं. धक्क्याच्या दगडावर कचरा, फळ्या आणि मेलेले मासे होते. पाणी लाल रेघेच्या वर चार बोटं जाऊन आलं होतं. पांढरी होडी मागून पाण्यात बसलेली होती. तिच्या दोन खुंट्या दोरासकट धक्क्याला लटकत होत्या, मुळासकट उपटलेल्या.

आमची मधोमध उभी होती.

एक टायर गेला होता. कडेचा रंग हातभर खरवडला होता. पुढच्या डाव्या दोरावरचा पँटचा पाय फाटून चिंध्या झाल्या होत्या. मी त्या बाजूला केल्या. आत दोराला केस आले होते, पण पीळ सुटलेला नव्हता. भोंगा आला आणि म्हणाला, "वहिनी, पुढच्या खेपेला मला चाळीस होड्यांचे पाय शिवून द्या." मिस्त्री एका जागी उभे राहून बघत होते. रडत होते, पण आवाज नव्हता. मी त्यांना थोडा वेळ तसंच राहू दिलं.

मग मी म्हणाले, "गोळ्या कुठे ठेवल्यात? आणते." भोंग्याने होडी ओढून फळी टाकली. आदल्या दिवशी मी नुसत्या कडेकडेने वावरले होते. केबिनमध्ये कधीच पाऊल टाकलं नव्हतं. बाहेरून छप्पर इतकं बुटकं दिसायचं की मी दारातच मान खाली घातली आणि चार पायऱ्या उतरले. खाली गेल्यावर मान वर केली, तर डोकं लागलं नाही. मी सरळ उभी होते. हात वर केला तर केसांच्या वर दोन बोटं जागा होती. भिंतीलगतच्या ओट्यासारख्या फळीवर हात ठेवला तर कोपर बरोबर टेकलं. पिशवी त्या फळीवरच होती.

माझी उंची पाच फूट एक. मी टेप लावली. छप्पर पाच तीन.

मागून मिस्त्री उतरले. पाच फूट दहा इंचांचा माणूस. त्यांनी न बघता हनुवटी छातीला लावली, पाठीला पोक काढलं, एक हात छपराला टेकवला आणि आत आले, वर्षानुवर्षांची सवय असल्यासारखे.

"हे एवढं खाली का घेतलंत?" मी विचारलं.

"होडी लहान आहे. छप्पर उंच केलं की ती वाऱ्यात कलंडते. एकाच माणसाला सरळ उभं राहता येईल एवढीच जागा निघत होती."

"मग स्वतःच्या मापाने काढायची होती."

"माझ्या मापाने निघत नव्हती. तुझ्या मापाने निघत होती."

"माझं माप कधी घेतलंत?"

"एकतीस वर्षं बघतोय," ते म्हणाले. "टेप कशाला लागते?"

आजवर अर्ध्या गावाची मापं मी घेतली आहेत. माझं कुणी घेतलं नव्हतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. ते तसेच मान वाकवून उभे होते.

"खाली बसा," मी म्हणाले. "मान मोडेल."

ते बाकावर बसले. मी समोरच्या बाकावर बसले. गोळी हातात दिली, पाणी दिलं. गुडघ्याला गुडघा लागत होता. होडी दोरांमध्ये जराशी वर गेली, जराशी खाली आली.

"टाके सुकले की मला कुठे नेणार?" मी विचारलं.

गोळी त्यांच्या हातातच राहिली. "तू येणार?"

"तुम्ही सांगा तर खरं."

मग त्यांनी गोळी गिळली आणि सांगायला लागले. आधी खाडीपलीकडचा दीपस्तंभ, मग त्याच्या पुढचं बेट, मग वारा बरा असेल तर आणखी कुठे कुठे. नऊ वर्षांची यादी होती, मोठी असणारच. अंधारून आलं तरी त्यांचं संपेना आणि मी त्यांना थांबवलं नाही.